कारल्याची फुलं जोडताना

मागच्या वर्षी मान दाखवायला गेवराईला गेले होते. डॉक्टर तरुण होता. त्यानं मान इकडून तिकडून फिरवून बघितली आणि कागदावर लिहीत विचारलं, "मावशी, काम काय करता तुम्ही?"

"फुलं जोडते."

"हार-गजऱ्यांचं दुकान आहे का?"

"न्हाई. कारल्याची फुलं."

त्यानं लिहायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. नर्सबाई हसल्या. मग मी त्याला सगळं समजावून सांगत बसले आणि बाहेर बसलेले पेशंट खोळंबले. शेवटी त्यानं गोळ्या दिल्या, गळ्यात घालायचा पट्टा दिला आणि म्हणाला, "आता वर बघायचं काम बंद." मी म्हटलं, "ते तर मी दोन हंगामांपूर्वीच बंद केलंय, डॉक्टर. मानेला अजून कळलेलं नाही."

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या सरांना ही गोष्ट समजली तेव्हा ते म्हणाले, कौसाबाई, हेच लिहून द्या. मी नववीपर्यंत शिकलेली. शुद्धलेखन सरांनी तपासलंय. बाकी बऱ्यावाईटाची मालकीण मी.

आधी काम काय ते सांगते, कारण ते गावातल्या लोकांनाही नीट माहीत नसतं. उमापूरच्या बाजूला आता बरीच शेडनेट झाली आहेत. लांबून हिरव्या कापडाचे तंबू वाटतात. त्यातल्या पुष्कळांत भाजी खायला लावत नाहीत, बियाणासाठी लावतात. बियाण्याची कंपनी शेतकऱ्याला दोन प्रकारचं बी देते, एक आईचं आणि एक बापाचं. आईच्या वेलाला कारलं आखूड, पांढरट. बापाचं लांब, काळपट हिरवं. दोघांच्या जोडीतून जे बी निघतं त्याचं कारलं बाजारात चांगलं चालतं. आता ही जोडी लावणार कोण? माशी लावते, पण माशीला आई-बाप कळत नाहीत. म्हणून बायका लागतात.

कारल्याचा वेल उबेचा. थंडीत नुसता बसून राहतो, ऊन मिळालं की दिवसाला वीतभर पळतो. वरच्या तारेवरून सुतळी सोडायची आणि वेलाला तिच्याभोवती हलक्या हातानं वळवून द्यायचं. पुढचं तो बघतो, स्प्रिंगसारखे बारीक हात काढून सुतळी धरतो. कमरेपर्यंतची बगलफूट, म्हणजे पानांच्या बेचक्यातून निघणारे फुटवे, काढून टाकायची. डोक्याच्या वर जाळी बांधलेली असते. तिथं पोचला की त्याला पसरू द्यायचा. आणि तिथून पुढं आमच्या मानेची वाट लागते.

एकाच वेलावर नर फुलं येतात आणि मादी फुलंही. ओळखायचं कसं? मादी फुलाच्या मागं तांदळाएवढं खरखरीत कारलं आधीच असतं. संध्याकाळी आईच्या ओळीत जायचं आणि नराच्या कळ्या जेवढ्या दिसतील तेवढ्या खुडून टाकायच्या. एकही ठेवायची नाही. उद्या उमलणारी मादी कळी टोकाला पिवळी दिसते, तिला कागदाची टोपी घालायची. सकाळी उजाडलं की बापाचं फूल आणायचं, पाकळ्या मागं मुडपायच्या, टोपी काढून मादी फुलाच्या मधोमध अलगद टेकवायचं, टोपी परत घालायची आणि देठाला लाल दोरा बांधायचा. ऊन चढायच्या आत हे सगळं उरकायचं. पुढं बी घेताना फक्त लाल दोऱ्याची कारली धरायची. दोरा नसलेलं कारलं दिसलं की तोडून फेकायचं. आणि दोरा असूनही शंका आली तरी तोडायचं. हा सगळ्यात मोठा नियम. कंपनीचा साहेब पहिल्याच दिवशी सांगतो, "शंका आली की तोडा."

या कामात बोटांना कडूपणा लागतो, साबणानंही जात नाही. माझी मुलगी लहानपणी म्हणायची, आई, तू भरवू नको, बाबांना भरवू दे. भाकरी कडू लागायची तिला. तरी हे काम मला सोन्यासारखं होतं, कारण त्याच्याआधी अकरा वर्षं मी कोयत्यावर होते. ऊसतोडीचं इथं काय सांगायचं, आमच्याकडं घरोघरी माहीत आहे. नंदाताईंनी नेट उभं केलं आणि बाया शोधायला घरी आल्या, त्या दिवशी मी मालकाला, म्हणजे नवऱ्याला सांगितलं, "तुमी जा. मी आता न्हाई येत." ते म्हणाले, "फुलांनी घर चालतंय व्हय?" चाललं.

नंदाताई म्हणजे आमच्या मालकीणबाई. यजमान एसटीत कंडक्टर, कायम ड्युटीवर. शेत, नेट, बाया, कंपनीचा साहेब, सगळं त्या एकट्या बघायच्या. जिभेनं तिखट, पण आमच्याबरोबर उन्हात उभ्या राहणाऱ्या. दोन वर्षांत त्यांनी मला बारा बायकांवर नेमलं. बायका मला मुकादम म्हणायला लागल्या. उसातला मुकादम शिव्या देतो, मी देत नव्हते, एवढाच फरक.

कामाचा नावलौकिक इतका पसरला की एकदा शेजारच्या गावचे एक आजोबा नेटच्या दाराशी येऊन बसले. आत येईनात, जाईनात. मी बाहेर गेले तर हळूच म्हणाले, "बाई, तुमच्या हातानं फळ धरतंय म्हणं. आमच्या सूनबाईला चार वर्षं झाली." मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हसावं की रडावं समजेना. मी म्हटलं, "आजोबा, माझ्या हातानं निस्तं कारलं धरतंय. सुनेला डॉक्टरकडं न्या. आन् एकटीला नेऊ नका, पोराला बी न्या." ते रागावून गेले. पण नेलं असावं. वर्षभरानं पेढे आले, निरोप मात्र कुणी दिला नाही.

अशा गोष्टी सांगायला बऱ्या वाटतात. पण सरांनी लिहायला सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिली आली ती वेगळीच. ती टाळून बाकीचं लिहिलं असतं तर सगळंच खोटं झालं असतं.

रुखमिन माझ्याबरोबर अकरा वर्षं कोयत्यावर होती. तिचं माहेर मेंढरांमागं फिरणारं, उन्हातान्हाचं तिला काही वाटायचं नाही. माझ्या मुलीच्या वेळी मला आठवा होता, तेव्हा माझ्या वाटच्या मोळ्या ती आपल्या डोक्यावरून ट्रकवर चढवायची. स्वतःच्या वाहून झाल्या की माझ्या. कुणाला सांगायची नाही, मलाही सांगायची नाही. म्हणून नंदाताईंकडं बाया कमी पडल्या तेव्हा मी पहिलं नाव तिचं घेतलं. चार हंगाम तिनं उत्तम काम केलं.

ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. श्रावणात फुलं लागली. रुखमिनकडं नेटच्या टोकाच्या शेवटच्या चार ओळी होत्या. एका सकाळी मी पाठीमागं उभी राहून तिचं काम बघत होते. ती वर न बघताच हात जाळीत घालायची, पानांमधून बोटं फिरवायची आणि फुलामागचं ते तांदळाएवढं कारलं बोटांनी चाचपून मादी फूल बरोबर पकडायची. मला कौतुकच वाटलं. मनात म्हटलं, काय हात बसलाय हिचा! बघत राहिले. मग तिनं एक फूल धरलं, त्याला दोरा बांधला. त्या फुलावर टोपी नव्हती. ते कालच उमललेलं होतं, पाकळ्या सुकून वळल्या होत्या. तिला ते दिसलं नाही. त्याच्याच शेजारी नराची तीन फुलं उघडी पिवळी पडलेली, आदल्या संध्याकाळी खुडायची राहिलेली. तीही तिला दिसली नव्हती. नेट कितीही घट्ट बांधा, मुंग्या आणि बारक्या माश्या आत येतातच. आईच्याच वेलाचं नर फूल आईलाच लागलं की निघणारं बी आईसारखंच, आखूड पांढरट कारल्याचं.

मी तिला बाजूला घेतलं. "रुखमिन, माझ्या हाताची बोटं किती?"

"येडी झालीस का?"

"सांग की."

तिनं हातातला दोरा खाली ठेवला. मग म्हणाली, "धुकं दिसतंय, कौसा. संक्रांतीपासनं. उजव्या डोळ्यानं तर निस्तं पांढरं."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"बोलले असते तर ताईनी ठिवलं असतं? लेक आन् सून वाटच बघतेत, उसाला यावं म्हणून. पोरं सांभाळायला. उसात चुलीपाशी आंधळी बाई... भाजून मरंल कौसा मी."

मोतीबिंदूचं ऑपरेशन बीडला होतं, फुकट होतं. पण तिच्या चुलत्याचा डोळा अशाच ऑपरेशनात गेला होता म्हणे, तिला त्याची दहशत. मी म्हटलं, दिवाळी झाली की मी स्वतः घेऊन जाते. तोवर तू टोप्या चिकटव, दोरे काप, बापाच्या ओळीतली फुलं गोळा करायला बस. नंदाताईंना सांगितलं की रुखमिनची कंबर दुखते, तिला वरचं काम नको. त्यांनी मान हलवली. शेवटच्या चार ओळी मी सोनालीला दिल्या आणि वहीत तसं नाव लिहिलं.

सोनाली गावात नवीन लग्न होऊन आलेली, माहेर दिंद्रुडचं. बावीस-तेवीस वर्षांची. कानात फोनची वायर घालून गाणी ऐकत काम करायची, म्हणून म्हाताऱ्या बायका तिच्यावर करवादायच्या. पण तिच्याइतका हलका हात मी पाहिला नाही. कामाला आली त्या दिवशी मला म्हणाली होती, "मावशी, मला काय बी शिकवा. निस्तं कोयता नको."

आता माझी चूक. रुखमिननं त्या ओळींत बारा दिवस काम केलं होतं. त्या बारा दिवसांत बांधलेलं प्रत्येक कारलं शंकेचं होतं. नियमानं मला ती सगळी तोडायला पाहिजे होती. त्या दिवशी दुपारी सगळ्या बायका जेवायला गेल्यावर मी त्या ओळीत गेले. बोटाएवढी कारली झाली होती, लाल दोरे लावून लोंबत होती. पहिलं हातात धरलं. तोडलं असतं तर दुसरंही तोडावं लागलं असतं, मग चार ओळी रिकाम्या. नंदाताईंनी विचारलं असतं, का तोडली? मग रुखमिनचं नाव. मी ते कारलं सोडलं. स्वतःला सांगितलं की सगळीच काही चुकीची नसतील, बरीचशी बरोबर असतील, हजारांत चार जातील खपून. हात धुवून जेवायला गेले. भाकरी कडू लागली, पण ती तर रोजच लागायची.

दिवाळी झाली. कारली नारिंगी होऊन फुटली, बी काढलं, धुतलं, सावलीत वाळवलं. चार-चार ओळींचं बी वेगवेगळ्या पिशव्यांत भरून कंपनीला गेलं. मी रुखमिनला बीडला नेलं. तिनं ऑपरेशनच्या टेबलापर्यंत माझा हात सोडला नाही. पट्टी काढली तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "म्हातारी झालीस की गं." आम्ही दोघी दवाखान्याच्या पायरीवर बसून हसलो. त्या दिवशी मला वाटलं, जे केलं ते बरंच केलं.

बी गेलं की कंपनी त्यातलं थोडं स्वतःच्या रानात लावून बघते. कारलं कसं येतं त्यावरून बी खरं की खोटं ठरतं. होळीच्या आधी निकाल आला. शेवटच्या चार ओळींच्या पिशवीत आखूड पांढरट कारल्यांचे वेलच वेल. एक पिशवी खराब निघाली की कंपनी सगळा माल थांबवते. साहेब आला, नेटच्या दारात उभा राहून नंदाताईंना म्हणाला, "पुढच्या हंगामाला निम्मंच बी देऊ. आणि या ओळी ज्या बाईच्या होत्या ती नको."

नंदाताईंनी वही उघडली. सोनालीचं नाव.

मी तिथंच होते. साहेब गेला आणि नंदाताईंनी सगळ्या बायकांसमोर सोनालीला उभं केलं. "कानात वायरी घालून फुलं जोडलीस. साल गेलं आमचं. बारा बायकांच्या हातचं काम निम्मं झालं तुझ्यापायी."

सोनाली म्हणाली, "ताई, म्या सगळं बरोबर केलंय." मग ती माझ्याकडं वळली. "मावशी, तुमी सांगा की."

रुखमिन माझ्या शेजारी उभी होती, नवीन चष्मा घालून. मी एकदा तिच्याकडं बघितलं. मी खरं बोलले असते तर दोघींचं काम गेलं असतं, तिचं आणि माझं. मी म्हटलं, "जा बाई आता घरी. ताई रागात हाईत. मागनं बघू."

'मागनं बघू.' एवढंच मी बोलले. सोनालीनं कानातली वायर काढून हातात गुंडाळली आणि ती गेली.

संध्याकाळी वाटेनं रुखमिननं मला विचारलं, "कौसा, त्या ओळी आधी माझ्या होत्या ना?"

"तुझं काम बरोबर होतं," मी म्हणाले. "नंतरचं बिघडलं."

तिनं मान हलवली आणि पुढं चालायला लागली. पुढच्या हंगामात सोनालीच्या जागी रुखमिन आली. शेवटच्या चार ओळी मीच तिला दिल्या.

'मागनं' काही आलं नाही. उन्हाळाभर सोनाली पाण्याच्या टाकीवर दिसायची, मी वेळ बदलून जायला लागले. दसऱ्यानंतर कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर निघाले. मी नेटकडं निघाले होते, रस्त्याच्या कडेला थांबले. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, आणि सामानावर सोनाली नवऱ्याशेजारी बसलेली. तिनं मला बघितलं. मी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करायला लागले. तो नीटच होता.

पुढं कळलं की ते दोघं गावात परतलेच नाहीत, दिंद्रुडला तिच्या माहेरीच राहिले. मी काम करत राहिले. माझ्या हाताखालचं बी पुन्हा कधी नापास झालं नाही. आता मी शंका आलेलं कारलं तोडायचेच, शंका नसलेलंही तोडायचे. बायका म्हणायच्या, मुकादमबाई लई कडक झाल्यात. संध्याकाळी घरी आल्यावर मान सरळ करायला भिंतीला टेकून बसावं लागायचं. कंटाळा कामाचा नव्हता. रोज त्या शेवटच्या चार ओळींपर्यंत चालत जायचा होता.

तीन हंगामांपूर्वी मान अगदीच वळेना तेव्हा मी काम सोडलं. नंदाताईंनी नेटमध्येच निरोपाचा कार्यक्रम केला. साडी, नारळ, चहा, भजी. त्या चार शब्द बोलल्या. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत कौसाबाईंच्या टोळीत एकच पिशवी वाईट निघाली, आन् ती बी त्यांची चूक न्हवती." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी नारळ धरून उभी होते.

परत जाताना रुखमिन बरोबर होती. ऊन उतरलं होतं. मी रस्त्यातच थांबले आणि तिला सांगून टाकलं. बारा दिवस, न तोडलेली कारली, सगळं.

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर माझा हात धरेल. ती रागानं लाल झाली. इतक्या वर्षांत मी तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "माझ्या नावावर तू उपकार केलास आन् भोगलं त्या पोरीनं! मला इचारलंस का? मी आंधळी होते, मुकी न्हवते! माझं मी सांगितलं असतं!"

ती मागं वळली आणि तरातरा नेटकडं चालायला लागली. मी तिच्या मागं. नंदाताई भज्यांची भांडी आवरत होत्या. रुखमिननं दारातूनच सांगितलं, "ताई, ती पिशवी माझी होती. सोनालीची न्हवती. मला तवा दिसत न्हवतं, आन् हिनं झाकलं."

नंदाताईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग खाली बसल्या. "मी तिला या दारात, सगळ्यांसमोर बोलले," त्या म्हणाल्या. माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आता मला सांगून काय उपेग, कौसाबाई."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी एकटी निघाले. गाडी बदलत दिंद्रुडला पोचले तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. स्टँडवर विचारलं तर पोरानं बोट दाखवलं, "गिरणीवाली सोनाली का? ती बघा." पत्र्याचं शेड, पिठाची गिरणी, आतून घरघर. एक बाई ज्वारीचा डबा घेऊन पायरीवर बसलेली. सोनाली गिरणीपाशी उभी होती, केसांवर, भुवयांवर पीठ. मला ओळखायला तिला एक क्षणही लागला नाही. तिनं मानेनंच 'या' म्हटलं.

मी जवळ जाऊन म्हणाले, "सोनाली, त्या ओळींचं सांगायला आलते."

तिनं कानाला हात लावला. ऐकू येत नव्हतं. मी मोठ्यानं म्हणाले. तरी नाही. मग मी ओरडले, "ती चूक तुझी न्हवती! माझी होती!"

पायरीवरची बाई वळून बघायला लागली. सोनालीनं बटण दाबलं. पट्टा फिरत फिरत थांबला आणि एकदम शांतता झाली. त्या शांततेत मला ओरडता येईना. पुढचं मी साध्या आवाजात, त्या अनोळखी बाईच्या देखत सांगितलं. रुखमिनचे डोळे, न तोडलेली कारली, वहीतलं नाव. सोनाली पदरानं भुवयांचं पीठ पुसत ऐकत होती.

"मला ठावं होतं," ती म्हणाली. "त्या ओळी घेतल्या तवाच बघितलं. टोपी न्हाई त्या फुलाला बी दोरा. आन् गाठी रुखमिनमावशीच्या, मेंढराच्या दाव्याला मारतेत तशा. मला वाटलं तुमी तोडाल."

"मग त्या दिशी बोलली कावून न्हाईस?"

"माझं कुणी ऐकलं असतं? फोनवाली पोरगी मी." तिनं पदर झटकला. "तुमी बोलाल म्हणून थांबले. 'मागनं बघू' म्हणलात ना. दसऱ्यापतोर थांबले, मावशी. ट्रॅक्टर गावाभाईर पडला, तुमी खाली वाकलात, तवा कळालं की आता न्हाई बोलत."

मी पुन्हा चपलेकडंच बघितलं.

"रुखमिनमावशीला दिसतंय का आता?" तिनं विचारलं.

"दिसतंय."

"बरं झालं," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, मायाही नव्हती. पायरीवरची बाई हळूच म्हणाली, "सोनाली, माझं दळण तेवढं..." तिनं बटण दाबलं. घरघर पुन्हा सुरू झाली.

गिरणीच्या तोंडाला पीठ पडायची कापडी बाही असते, तिचं टोक डब्यात धरावं लागतं. सोनाली ते धरायला गेली तेव्हा मला तिचा डावा हात दिसला. अंगठ्याशेजारचं बोट वाकत नव्हतं. मधल्या पेरावर जुना, जाड वण. मी बोटाकडं बघून हातानंच कोयत्याची खूण केली. तिनं मान हलवली आणि दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं. पहिल्याच महिन्यात, असं मला समजलं. तसल्या बोटानं कळीची टोपी निघत नाही, दोऱ्याची गाठ बसत नाही. मला ते सांगायची गरज नव्हती, आणि तिलाही नव्हती.

बाही तिच्या हातातून निसटत होती, पीठ डब्याच्या बाहेर सांडत होतं. रोजच सांडत असेल. मी पिशवी खाली ठेवली, पुढं झाले आणि बाहीची दुसरी बाजू धरली. सोनालीनं माझ्याकडं बघितलं. नको म्हणाली नाही, बसा असंही म्हणाली नाही. ज्वारी संपली, त्या बाईनं डबा उचलला, मग कुणाचे तरी गहू आले. स्टँडवर दुपारच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि गाडी गेली. मी बाही धरूनच उभी होते.